मुक्काम पाचगणी, काम…?

‘वॉव! म्हणजे रोज स्ट्रॉबेरी विथ क्रीम?’

आम्ही पाचगणीला शिफ्ट होतोय, असं मी पुण्यातल्या ऑफिसात जाहीर केलं तेव्हाची ही पहिली रिॲक्शन. दुसरी होती, ‘चला, आमची वीकेण्डची सोय झाली!’ आणि तिसरी आईची. ती फोनवर शांतपणे म्हणाली, ‘त्याची नोकरी तिथे आहे, हे कळलं. तू काय करणार?’

मी म्हटलं, ‘आई, मी फ्रीलान्सर होणार. लॅपटॉप आणि नेट असलं की झालं.’ तेव्हा माझा हाच फंडा होता.

तर झालं असं, की २०२३च्या जूनमध्ये नवरोबाला पाचगणीतल्या एका निवासी शाळेत फिजिक्स शिकवायची नोकरी मिळाली. मी मास कॉम केलेली, दोन वर्षं एका पुरवणीत बायलाइन मिरवलेली आणि तीन वर्षं पीआर एजन्सीत प्रेस नोट पाडलेली मुलगी. हडपसरच्या ट्रॅफिकला दोघंही कंटाळलो होतो. पसरणीच्या घाटात सामानाचा टेम्पो चढत होता, बाहेर धो धो पाऊस, ताडपत्री एका बाजूने सुटलेली. गादी भिजली, पुस्तकांचे दोन खोके भिजले. पण खाली वाईची कृष्णा दिसली आणि मी मनात म्हटलं, बस्स, लाइफ सेट!

पहिल्याच आठवड्यात किराणा दुकानात काकांनी विचारलं, ‘तुम्ही कुठल्या शाळेत?’

‘मी शाळेत नाही. मिस्टर आहेत.’

‘मग हॉटेल?’

‘नाही, मी फ्रीलान्स जर्नलिस्ट आहे.’

‘बरं बरं. पण काम काय करता?’

मला तेव्हा हसू आलं होतं. चार महिन्यांनी, बँकेत फक्त नवऱ्याचा पगार जमा होताना बघून, तोच प्रश्न मी आरशात स्वतःला विचारत होते.

गाव मोजून पाहिलं

हिल स्टेशन म्हणून आपण जे बघतो ते शनिवार-रविवारचं गाव असतं. सोमवारी सकाळी ते वेगळंच दिसतं. २०११च्या जनगणनेत पाचगणीची लोकसंख्या जेमतेम पंधरा हजार होती, म्हणजे पुण्यातल्या दोन-चार मोठ्या टाउनशिप एकत्र केल्या तर तितकी माणसं होतील. या पंधरा हजारांचं पोट मुख्यतः तीन गोष्टींवर चालतं. शाळा, पर्यटन आणि आसपासच्या गावांतली शेती.

शाळा तर जुन्याजाणत्या. सेंट जोसेफ १८९५ची, किमिन्स १८९८ची, सेंट पीटर्स १९०४ची (हो, ‘क्वीन’वाल्या फ्रेडी मर्क्युरीची), संजीवन १९२२ची, न्यू एरा १९४५ची. ‘तारे जमीं पर’मधली शाळा आठवते? ती न्यू एरा. म्हणजे इथे शिक्षक, वॉर्डन, नर्स, समुपदेशक, मेस मॅनेजर हे लोक कायम लागतात. जॉब साइटवर ‘पाचगणी’ टाइप केलंत तर याच जागा दिसतील, आणि त्यांच्या जोडीला हॉटेलातलं फ्रंट ऑफिस.

कारखाने? विसरा. १७ जानेवारी २००१ला केंद्र सरकारने महाबळेश्वर-पाचगणी परिसर इको-सेन्सिटिव्ह झोन जाहीर केला. त्यामुळे उद्योगांवर आणि बांधकामांवर कडक बंधनं आली. ही बंधनं नसती तर टेबल लँडच्या पायथ्याशी आज काय उभं असतं, याची कल्पनाही करवत नाही. पण त्याचा दुसरा अर्थ असा की इथे कधीही आयटी पार्क येणार नाही आणि त्यातला एचआर मॅनेजर तुम्हाला ‘वी आर हायरिंग’चा मेल पाठवणार नाही.

हे सगळं घाट चढायच्या आधी गुगलवर दहा मिनिटांत कळलं असतं. मी त्या दहा मिनिटांत पडद्यांचे रंग बघत होते.

‘दोन रात्री फ्री देतो!’

मग मी जे शहरात केलं असतं तेच केलं. सीव्ही अपडेट केला, पोर्टफोलिओ बनवला आणि पंचवीसेक हॉटेलांना आणि रिसॉर्टना मेल टाकले. ‘आपल्या ब्रँडची गोष्ट मी सांगेन’ वगैरे वगैरे. किती उत्तरं आली असतील? दोन.

एका ठिकाणी मी भेटायला गेले. चहा झाला, व्ह्यू दाखवून झाला. मालक म्हणाले, ‘मॅडम, इन्स्टासाठी महिन्याला वीस पोस्ट लिहून द्या. पैशाचं बजेट नाही, पण तुम्हाला दोन रात्री फ्री देतो.’

‘अहो, मी इथेच राहते! दोन रात्री राहून काय करू?’

‘मग आईवडिलांना बोलवा की.’

दुसऱ्याने सरळच सांगितलं की कॅप्शन आता त्याचा पुतण्या चॅटजीपीटीवरून काढतो. मी घरी येऊन त्याचं पेज बघितलं. ‘निसर्गाच्या कुशीत’ हा शब्दप्रयोग नऊ पोस्टमध्ये सात वेळा होता. पण त्याला फरक पडत नव्हता. मे महिन्यात त्याच्याकडे तशीही रूम मिळत नाही!

पुण्यातली जुनी कामं होती की, असं तुम्ही म्हणाल. होती. पण पहिल्या पावसाळ्याने त्यांची वाट लावली. महाबळेश्वरच्या मानाने पाचगणीत पाऊस खूप कमी. तिकडे २२ जुलै २०२१ला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पडला होता, लोक अजून सांगतात. पण ‘कमी’ म्हणजे आमच्यासारख्यांच्या हिशेबाने भरपूरच. झाड पडलं की वायर तुटते, वायर तुटली की लाइट जाते, लाइट गेली की थोड्या वेळाने नेटही मान टाकतं. एका मोठ्या क्लायंटच्या व्हिडिओ कॉलमध्ये मी तीनदा गायब झाले. चौथ्यांदा जॉइन झाले तेव्हा तिकडून कुणीतरी म्हणत होतं, ‘शी इज इन सम व्हिलेज, ना?’ पुढच्या महिन्यात ते काम दुसऱ्या कुणाकडे गेलं.

आणि बुरशी! चपलांवर, पर्सवर, कपाटाच्या मागे. कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरली आणि दुरुस्तीला इतके पैसे लागले की महिन्याची कमाई त्यात गेली. (आता लेन्स सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या हवाबंद डब्यात असतात. पहिल्या पावसाआधीच हे करा.) सप्टेंबरमध्ये फाइल उघडली तर माझ्या डिग्री सर्टिफिकेटवर हिरवट ठिपके. त्या दिवशी मात्र मी रडले. नवरोबा सर्टिफिकेट इस्त्रीने वाळवायला निघाला होता, त्यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. भांडण अर्थातच सर्टिफिकेटवरून नव्हतं. ‘तुझ्या नोकरीसाठी मी आले’ हे वाक्य मी त्या दिवशी पहिल्यांदा उच्चारलं, आणि ते बोलून गेल्यावर बराच वेळ कुणीच काही बोललं नाही.

नाव छापू नकोस

त्यानंतर मी ठरवलं की पत्रकारच आहोत तर पत्रकारासारखं वागू. बाहेरून इथे येऊन काम करणारी माणसं गाठायची आणि विचारायचं, बाबांनो, तुम्हाला काम मिळालं कसं? सगळे भरभरून बोलले आणि शेवटी सगळ्यांनी एकच अट घातली, ‘नाव छापू नकोस, गाव लहान आहे.’

सगळ्यात सरळ गोष्ट एका फूड टेक्नॉलॉजिस्टची. ती आली तीच हातात ऑफर लेटर घेऊन. महाबळेश्वर, पाचगणी, वाई हा पट्टा म्हणजे देशातल्या स्ट्रॉबेरीचं माहेरघर, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१०मध्ये जीआय मानांकनही मिळालंय. सगळी फळं काही डबीत बसून मुंबईला जात नाहीत. छोटी, वाकडी, जास्त पिकलेली फळं पल्प, जॅम आणि क्रशला जातात. तिथे क्वालिटी बघायला शिकलेलं माणूस लागतंच. ‘मी इथल्या मातीत उगवणाऱ्या गोष्टीचं शिक्षण घेतलंय,’ ती म्हणाली, ‘त्यामुळे मला काम शोधावं लागलं नाही. तू जे शिकलीस त्याची इथे कुणाला गरज आहे, ते आधी बघ.’ थोडं लागलं मला, पण मुद्दा बरोबर होता.

आर्किटेक्ट मैत्रिणीला हेच वेगळ्या रस्त्याने कळलं. मुंबईत ती टॉवरची ड्रॉइंग्ज करायची. इथे नवीन बांधकामाची परवानगी म्हणजे कागदांचा डोंगर, त्यामुळे सहा महिने हात रिकामे. मग एका जुन्या पारशी बंगल्याच्या मालकीणबाईंनी तिला विचारलं, ‘तुला गळती थांबवता येते का?’ जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, कुजलेले वासे आणि पावसाळ्यात घरभर बादल्या. तिने एक पावसाळा त्या घरात टॉर्च घेऊन काढला. पाणी नेमकं कुठून शिरतं ते शोधलं, इथल्याच एका वयस्कर सुताराकडून वासे बदलायचं शिकली. आता तिच्याकडे जुनी घरं दुरुस्तीसाठी रांगेत असतात. ‘डिग्री कुठली, हे इथे मला एकानेही विचारलेलं नाही,’ ती हसून सांगते. ‘त्या बाईंच्या घरात आता बादल्या लागत नाहीत, एवढं कळलं तरी पुरतं.’

एक सीए आहेत. त्यांना वाटलं होतं की एवढी हॉटेलं, म्हणजे जीएसटीची कामं धो धो मिळतील. पण इथल्या हॉटेलवाल्यांचे सीए सातारा-वाईत, तेही वडिलांच्या काळापासूनचे. हिशेबाच्या वह्या कुणी अनोळखी माणसाच्या हातात देत नाही, आणि का द्याव्यात? त्यांनी वर्षभर एका शेतकरी गटाचे हिशेब जवळजवळ फुकट लावून दिले. त्या गटातल्या एकाच्या मेहुण्याचं हॉटेल निघालं. तिथून गाडी सुटली. तरी अजून आठवड्यातले दोन दिवस ते साताऱ्यात बसतात. ‘फक्त पाचगणीवर घर चालवतो असं लिहू नकोस, खोटं होईल,’ असं त्यांनी मला बजावलंय.

आणि एक फसलेली गोष्ट. सॉफ्टवेअरवाला, २०२१ला आला. ‘वर्क फ्रॉम होम’ आता कायमचंच, असं तेव्हा आपल्या सगळ्यांनाच वाटत होतं. त्याने फ्लॅट घेतला, कर्ज काढलं. २०२३मध्ये कंपनीने आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला बोलावलं. पाचगणी ते पुणे साधारण शंभर किलोमीटर. त्याने सात महिने केलं ते. पहाटे साडेपाचला धुक्यात घाट उतरायचा, रात्री दहाला धुक्यातच चढायचा. आता तो पुण्यात भाड्याने राहतो आणि फ्लॅट टुरिस्टांना देतो. कंपनीचं ‘कुठूनही काम करा’ हे तोंडी होतं, ऑफर लेटरमध्ये एक ओळही नव्हती. तुमचाही बेत असाच असेल तर आधी ती ओळ लिहून घ्या. घर नंतर बघा.

घरावरून आठवलं. भाड्याचं घर शोधणं हे इथे काम शोधण्याइतकंच कठीण. वर्षभराच्या भाडेकरूपेक्षा वीकेण्डचा टुरिस्ट जास्त पैसे देतो, सोपा हिशेब आहे. एका मालकांची अट होती की अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट करू, पण मे महिन्यात जागा खाली करून द्यायची! आम्हाला शेवटी दोन खोल्या मिळाल्या त्या एका काकूंच्या घरात वरच्या मजल्यावर.

काकूंचा प्रश्न

काकू मूळच्या भिलारच्या. तेच ‘पुस्तकांचं गाव’, ४ मे २०१७ला सुरू झालेलं. स्ट्रॉबेरीची शेती दीर बघतात. पहिल्या दिवाळीत काकू वर आल्या, माझ्या टेबलावरचे कागद बघितले आणि म्हणाल्या, ‘दिसभर लिवत बसतीस. आमच्या भाच्याला डबीवर लावायचा कागद लिवून देशील का? मराठीत आन् विंग्रजीत.’

ते माझं पाचगणीतलं पहिलं काम. स्ट्रॉबेरीच्या डबीवरचं लेबल, चाळीस शब्द. पैसे मागायची मला लाज वाटत होती. भाच्यानेच विचारलं, ‘ताई, रेट काय?’ मी घाबरत आकडा सांगितला. त्याने तो दिला, वर दोन किलो स्ट्रॉबेरी. मग त्याच्या गटाला बँकेत द्यायला एक अर्ज लिहून हवा होता. मग एका होमस्टेवाल्याला पाहुण्यांसाठी माहितीपत्रक. मग कुणीतरी शाळेतल्या बाईंना सांगितलं की ‘ती वर राहते ना, ती लिहिते’. त्यातून शाळेच्या वार्षिक अंकाचं संपादन आलं. मेल टाकून जे जमलं नव्हतं ते काकूंच्या एका वाक्याने झालं.

आता दोन वर्षांनी माझं वर्ष महिन्यांच्या नाही, हंगामांच्या हिशेबाने चालतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हॉटेलवाले दिवाळीच्या तयारीत असतात, तेव्हाच त्यांच्याशी बोलायचं. नोव्हेंबर ते मार्च स्ट्रॉबेरी. जानेवारीपासून शाळांची ॲडमिशनची माहितीपत्रकं. एप्रिल-मेमध्ये कुणालाही भेटायला जायचं नाही, कुणाला मान वर करायला वेळ नसतो. जून ते ऑगस्ट इथलं काम जवळजवळ शून्य. ते तीन महिने बाहेरच्या कामावर काढायचे आणि महत्त्वाचा कॉल असेल तर सरळ वाईला उतरायचं. बारा-तेरा किलोमीटर खाली, तिथे बऱ्याचदा लख्ख असतं. (वाई म्हणजे मराठी विश्वकोशाचं गाव. माझ्यासारख्या शब्दांवर जगणाऱ्या माणसाला तेवढ्यानेही जरा बरं वाटतं.)

पैसे? पुण्यातल्या पगाराच्या साधारण साठ टक्के, तेही चांगल्या वर्षात. खर्च कमी होतो हे अर्धसत्य. सिनेमा-मॉल वाचतात, पण दातांचा डॉक्टर, गाडीचा पार्ट, बरी चप्पल, सगळ्यासाठी घाट उतरावा लागतो. नवऱ्याचा पगार नसता तर पहिल्याच वर्षी मी पुण्यात परत गेले असते. हे लिहायला मला आवडत नाही, पण ‘सगळं सोडून डोंगरात गेलो’ छापाच्या लेखांत हीच ओळ गाळलेली असते, म्हणून लिहितेय.

मात्र काम बदललं, हे खरं. मागच्या हिवाळ्यात मी एका शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेतल्या. ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ दीड तास बोलले. सातव्या वर्षी एकटे इथे आले होते, पहिली रात्र कशी काढली ते सांगताना त्यांचा आवाज बसला. पीआर एजन्सीच्या तीन वर्षांत मला एकदाही वाटलं नव्हतं की हे नीट लिहिलं गेलं पाहिजे. तेव्हा वाटलं.

आणि तरीही काकूंचा एक प्रश्न माझ्या घशात अडकलेला आहे. त्यांची मुलगी बीएस्सी झालीय, पुण्याला हिंजवडीत एका कंपनीच्या हेल्पडेस्कवर आहे, चौघींत एक खोली. एकदा काकू जिन्यात बसून वाटाणे सोलत होत्या. मला बघून म्हणाल्या, ‘आमची पोर हितनं हिंजवडीला गेली. तुमी तिकडनं हितं आला. हितं काम न्हाई म्हनून ती गेली, मग तुमास्नी कसं घावलं?’

रागाने नाही, खरंच कळत नसल्यासारखं विचारलं होतं त्यांनी. मी काय सांगणार? की मला दोन वर्षं चाचपडणं परवडलं, कारण घरात दुसरा पगार होता? तिला ते परवडलं नसतं. मी वाटाणे सोलायला बसले.

सोमवारपर्यंत कळवा

गेल्या महिन्यात पुण्याच्या एका कंटेंट एजन्सीतून फोन आला. सीनिअर एडिटरची पोस्ट, माझ्या आत्ताच्या कमाईच्या दुपटीहून जास्त पगार. अट एकच, आठवड्यातून चार दिवस ऑफिस. ‘सोमवारपर्यंत कळवा.’

तीन दिवस घरात फक्त हिशेब चालले होते. नवरोबा म्हणाला, ‘जायचं असेल तर जा, मी शनिवारी येत जाईन.’ मी म्हटलं, निवासी शाळेला शनिवारची सुट्टी असते का? त्यावर तो गप्प. शेवटी शाळा सोडायची तयारी त्याने दाखवली आणि मलाच ते नको झालं. आईला फोन केला तर ती म्हणाली, ‘मी तेव्हा विचारलं होतं, आता तूच सांग.’

सोमवारी मी एजन्सीला सांगितलं की पूर्ण वेळ जमणार नाही, पण जून ते सप्टेंबर चार महिने मी तुमचं काम घेईन, आठवड्यातून एक दिवस पुण्यात येईन आणि लाइट गेली तर वाईला जाऊन काम पूर्ण करेन. पलीकडच्या बाई जरा थांबल्या. म्हणाल्या, ‘असं आमच्याकडे कुणी मागितलेलं नाही. विचारून कळवते.’ अजून कळवलेलं नाही. त्यांचा दुसरा एडिटर मिळाला असेल तर मिळाला.

त्याच संध्याकाळी काकू वर आल्या. मुलीने फोनवर बायोडेटा पाठवला होता, ‘हिला जरा नीट करून दे.’ मी उघडून बघितला. बीएस्सी, विषय मायक्रोबायॉलॉजी. दोन वर्षांत हे मी कधी विचारलंच नव्हतं! हेल्पडेस्कचा अनुभव वरती ठळक लिहिलेला आणि मायक्रोबायॉलॉजी सगळ्यात खाली, जणू लपवलेली. मी ती ओळ वर घेतली आणि फूड टेक्नॉलॉजिस्ट मैत्रिणीला फोन लावला. नोव्हेंबरच्या आधी त्यांना लॅबमध्ये माणूस लागतं का, विचारलं.

‘लागतं,’ ती म्हणाली. ‘पण जाहिरात देत नाही आम्ही. ओळखीतलं कुणी आहे का?’

म्हटलं, ‘आहे. येत्या रविवारी गावी येतेय ती. अकराला पाठवू का?’